कंपाउंडाबाहेरची मंडळी

सक्करदरा चौकात उभं राहिलं की नागपूरचे बरेचसे देव जवळपासच भेटतात. उमरेड रोडने थोडं पुढे गेलं की ताजबाग. अलीकडे भोसल्यांच्या काळातला तलाव आणि त्यांचा वाडा. 1908 साली राजे रघुजीराव भोसल्यांनी बाबा ताजुद्दीनना पागलखान्यातून सोडवून याच वाड्यात आणलं. हिंदू राजाच्या घरी मुसलमान अवलिया राहिला, याचं आमच्या भागात कुणालाच नवल वाटत नाही. दुसऱ्या बाजूला तुकडोजी महाराजांचा पुतळा, रेशीमबागेत संघाचं स्मृतिमंदिर आणि पश्चिमेला आणखी पुढे दीक्षाभूमी. बुधवारच्या बाजारात या सगळ्या ठिकाणची माणसं एकाच ढिगातून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडताना दिसतात.

ख्रिस्ती माणसाचा पत्ता विचारला तर मात्र बोट शहराच्या दुसऱ्या टोकाकडे जातं. सदर, सिव्हिल लाइन्स, मेकोसाबाग. कॅथेड्रल तिकडे, हिस्लॉप कॉलेज तिकडे, नामांकित शाळा तिकडे. आमचं घर तेवढं इकडे.

माझे आजोबा, आबा, छापखान्यात कंपोझिटर होते. मिशनच्या कंपाउंडात त्यांना दोन खोल्या होत्या. साठच्या दशकात त्यांनी सक्करदऱ्याकडे प्लॉट घेतला, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, "काहून गा, चर्च सोडून चालला काय?" आबांनी उत्तर दिलं, "चर्च नाही सोडून राह्यलो. फाटक सोडून राह्यलो." हे उत्तर आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलंय की पुढच्या पिढीतल्या पोरांनाही ते पाठ आहे. कंपाउंडात खोली मिशनची, शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, नोकरी मिशनची आणि शेवटी जरीपटक्याच्या दफनभूमीतली जागाही मंडळीची. माणूस जन्मापासून मरेपर्यंत फाटकाबाहेर न पडता जगू शकत होता. आबांना तेच खुपायचं. ते म्हणायचे, "शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणते शास्त्र. अन् इथं शेजारी कोन? तर आपलाच चुलतभाऊ."

आज चर्चमध्ये दर दुसऱ्या सभेत एक चिंता ऐकू येते. आधुनिक संस्कृतीने मंडळी बिघडवली, तरुण हातचे गेले, उपासनेत ड्रम आले, भक्तीचा इव्हेंट झाला, असं सगळे म्हणतात. मी ते ऐकते आणि मला आबा-आजींच्या गोष्टी आठवतात. त्या गोष्टींत एकही काळ असा नाही की ज्यात बाहेरच्या संस्कृतीने चर्चला आपल्या हाताने घडवलं नाही.

सुरुवातच घ्या. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडकडून इकडे आले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं आणि कामठीला इंग्रजांची छावणी. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर त्यांना येऊन मिळाले. ही स्कॉटिश माणसं आपल्या काळाची, आपल्या देशाची होती. ईश्वराची निर्मिती समजून घ्यायची तर दगडसुद्धा वाचता आला पाहिजे, अशी त्यांची समजूत. म्हणून शुभवर्तमान सांगता सांगता दोघांनी टाकळीचे जीवाश्म गोळा केले आणि नागपूरच्या भूस्तरांवर लिहिलं. हिस्लॉपसाहेबांनी गोंडांच्या परंपरा टिपून ठेवल्या. रिचर्ड टेम्पल यांनी त्या 1866 मध्ये छापल्या. हिस्लॉपसाहेबांनी शाळा काढली आणि त्या कामातूनच 1883 मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. धर्मप्रसाराला आलेल्या माणसाचं नाव पुढे एका खनिजाला मिळालं, यावरून तो काळ कसा होता ते कळतं.

हिस्लॉपच्या मृत्यूची गोष्ट आबा रंगवून सांगत. 4 सप्टेंबर 1863. टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून साहेब घोड्यावरून परतत होते. नाल्याला पूर आलेला. घोडा मुक्कामावर पोचला, स्वार नव्हता. आबांच्या गोष्टीत घोडा रडायचाही. तेवढा भाग कंपाउंडाचा. पण गोष्ट संपली की ते एक प्रश्न टाकत. "साहेब त्या दिवशी प्रवचनाले गेला होता काय? नाही. हजारो वर्षांआधी मेलेल्या लोकायच्या कबरी पाहाले गेला होता. ज्याले मेलेल्या परक्यायची एवढी उत्सुकता, त्याले जित्यायची किती असन!" मला वाटतं, आबांचं धर्मशास्त्र एवढंच होतं.

आजीच्या गोष्टी पुराच्या नव्हत्या, दुष्काळाच्या होत्या. 1896-97 आणि लगेच 1899-1900, असे दोन दुष्काळ मध्य प्रांताने पाठोपाठ पाहिले. आजीची आई त्यातल्या दुसऱ्या दुष्काळात अनाथ झाली. सात-आठ वर्षांची असेल. गाव कुठलं, आईबाप कोण, हे तिला नीटसं सांगता येत नसे. भुकेल्या लोकांची रांग, पायाखाली तापलेली वाट आणि एक बैलगाडी, एवढंच तिच्या आठवणीत उरलं होतं. पंडिता रमाबाई पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात येऊन निराधार मुली केडगावला घेऊन गेल्या. आजीची आई रमाबाईंच्या हाती लागली नाही, ती मिशनच्या अनाथालयात वाढली.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, "म्हणजे खायला मिळालं म्हणून आपण ख्रिस्ती झालो?" आजी रागावली नाही. तिने सुईत दोरा ओवत शांतपणे सांगितलं, "पोरी, भूक लागलेल्या लेकराले कोनी विचारलं नाही तू कोन जातीची. बाकी साऱ्यायनं विचारलं असतं." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पन जेवू घालनाऱ्यानं नाव बदललं, हेही खरं." आजीच्या सगळ्या गोष्टींत ही दोन वाक्यं मला सर्वांत प्रामाणिक वाटतात. दुष्काळाने चर्चला मायाळू बनवलं आणि मालकही बनवलं. ज्यांना जगवलं ते आपले, असा हिशेब तिथे रुजला. कंपाउंडाचं फाटक त्या काळात रक्षणासाठी उभं राहिलं, पुढे ते मोजदादीसाठी राहिलं.

आजी स्वतः मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली. शहरात म्यूर मेमोरियलसारखा स्त्रियांसाठीचा दवाखाना उभा राहिला त्यामागेही धर्माइतकीच संस्कृती होती. पुरुष डॉक्टरला हात दाखवणार नाहीत अशा घरंदाज बायका इथे होत्या, आणि स्कॉटलंडमध्ये नुकत्याच डॉक्टर होऊ लागलेल्या बायका कामाच्या शोधात होत्या. दोन समाजांच्या दोन अडचणी एकत्र आल्या आणि त्यातून सेवा घडली. महालातल्या पडदानशीन बाईपासून मोमिनपुऱ्यातल्या विणकराच्या बायकोपर्यंत सगळ्यांची बाळंतपणं केल्याचं आजी अभिमानाने सांगे. आमच्या शेजारच्या खालाही तिच्याच हातावर जन्मल्या होत्या. त्या नात्याने ताजबागच्या उरुसाचा प्रसाद आमच्या घरी यायचा आणि नाताळच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. कुणी कुणाला परवानगी विचारली नाही.

उपासनेतली पेटी, तबला, टाळ हे आज आम्ही 'आपलं जुनं' म्हणून सांगतो. आबांच्या वडिलांच्या लेखी ती नवी थेरं होती. त्यांना विलायती चालींची गीतं पवित्र वाटत. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं, तेव्हा जुन्या लोकांना वाटलं की आता देवळात आणि चर्चमध्ये फरक काय राहिला. टिळकांचं आणि नागपूरचं नातं तसं जवळचं. बुटींच्या आश्रयाने ते इथे राहिले होते, 'ऋषी' मासिक त्यांनी चालवलं. पुढे नाशिकहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आयुष्याच्या शेवटी, 1917 च्या सुमाराला, त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सगळे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही कल्पना. फाटकच काढून टाकायचं, असा त्याचा अर्थ. दोन वर्षांत टिळक गेले. चर्चने त्यांची गाणी ठेवली, दरबार ठेवला नाही.

आबा रविवारी दुपारी 'ज्ञानोदय' मोठ्याने वाचत आणि वाचता वाचता थांबून वाद घालत. त्यांचा आवडता वाद बिशप वूड आणि व्हेरियर एल्विन यांचा होता. एल्विन ऑक्सफर्डहून आलेले अँग्लिकन पाद्री. गांधींच्या संगतीने ते बदलले आणि 1932 मध्ये मंडला जिल्ह्यात करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. नागपूरच्या बिशपांनी त्यांना पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना नाकारला. सरकारशी निष्ठेची शपथ एल्विन घेईनात, आणि बिशपांना काँग्रेसवाला पाद्री नको होता. एल्विन यांनी शेवटी चर्चच सोडलं. त्याच सुमाराला वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा नावाचा आणखी एक ख्रिस्ती माणूस गांधींसाठी ग्रामोद्योगाचं अर्थशास्त्र मांडत होता, आणि येशूच्या शिकवणीतूनच ते येतं असं लिहीत होता. आबा विचारत, "संस्कृतीनं चर्च बिघडते म्हनता ना? मंग त्या टायमाले सायबाच्या राज्याची संस्कृती चर्चमधी बसली होती, तिले कोनी हाकललं?" समोरच्यांपैकी कुणी उत्तर देत नसे. बहुतेक जण मिशनच्या नोकरीत होते.

बाबासाहेबांनी हे अधिक कठोरपणे सांगितलं होतं. 1938 च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी शिकलेल्या ख्रिस्ती समाजाला बोल लावला की तो सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडायला पुढे येत नाही. तुम्हाला शाळा मिळाली, नोकरी मिळाली, पण जे मागे राहिले त्यांच्यासाठी तुम्ही काय केलं, असा तो सवाल होता. आमच्या कंपाउंडात हे भाषण पोचलं की नाही ठाऊक नाही. 14 ऑक्टोबर 1956 मात्र पोचला.

त्या दिवसाची गोष्ट माझे काकाजी सांगतात. ते तेव्हा अठरा वर्षांचे. आबांच्या मामाकडची सगळी माणसं पांढरे कपडे घालून गावाहून आली, रात्री कंपाउंडातल्या दोन खोल्यांत दाटीवाटीने झोपली आणि सकाळी बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेली. आजीने सगळ्यांसाठी पहाटे भाकरी थापल्या. त्यांच्यातल्या एकाने आबांना विचारलं, "तुम्ही पन चला ना." आबा म्हणाले, "आमी आंधीच निघालो होतो." तो हसला. म्हणाला, "निघाले होते, पन पोचले कुठी?" आबांकडे त्याला उत्तर नव्हतं. काकाजी म्हणतात, कंपाउंडातले बाकीचे लोक त्या दिवशी पडदे ओढून बसले होते, जणू बाहेर काही घडतच नव्हतं. तेच वर्ष नियोगी समितीच्या अहवालाचं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं, आणि नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करत होती. परदेशी मिशनऱ्यांवर आणि धर्मांतरावर बंधनं आणावीत, अशा शिफारशी आल्या. 1968 मध्ये मध्य प्रदेशात तसा कायदाही झाला. घाबरलेल्या चर्चने एक धडा घेतला. गावात, वस्तीत जाऊ नका. संस्था सांभाळा. शाळा, दवाखाना, वसतिगृह यांना कुणी नावं ठेवत नाही.

दीक्षेला गेलेल्या आणि न गेलेल्या घरांची पुढची वाट कायद्यानेही वेगळी केली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. शिखांचा समावेश 1956 मध्ये झाला, बौद्धांचा 1990 मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. 2022 मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. कायद्याचं म्हणणं असं की चर्चमध्ये जात नसते. आमच्या चर्चमध्ये जात नाही. ती फक्त सोयरिकीच्या वेळी बाहेरून येते आणि लग्न लागलं की परत जाते! अरविंद निर्मल या महाराष्ट्रातल्याच पाळकाने 1981 मध्ये बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शूद्रांच्या, दलितांच्या बाजूने धर्मशास्त्र मांडायला सुरुवात केली. आज जगभर ते 'दलित ख्रिस्ती धर्मशास्त्र' म्हणून शिकवतात. हा विचार साहित्यातून, चळवळीतून, मराठवाड्या-विदर्भातल्या रस्त्यांवरून चर्चमध्ये आला. बाहेरची संस्कृती आत आली म्हणून चर्चला स्वतःचीच माणसं दिसली. 'आधुनिकतेने बिघाड केला' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

आता माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट. 29 नोव्हेंबर 1970. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात मोठा मांडव. मी लहान होते, आबांच्या खांद्यावर. खालून पाहिलं असतं तर पायच दिसले असते. वरून डोकी दिसली, आणि कितीतरी भाषांतलं एकच गाणं ऐकू आलं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, असे सहा प्रवाह मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे सीएनआय, त्या दिवशी जन्माला आलं. ब्रीद ठरलं, एकता, साक्ष, सेवा. मोठ्या मेथडिस्ट मंडळीने मात्र आयत्या वेळी माघार घेतली, म्हणून मेकोसाबागचे आमचे पाहुणे मांडवात पाहुणेच राहिले.

वाटाघाटी चाळीस वर्षं चालल्या होत्या. मोठा गुंता बाप्तिस्म्याचा. तान्ह्या बाळाला की जाणत्या माणसाला? शेवटी दोन्ही मान्य झालं. आजीने याचा निकाल एका वाक्यात लावला. "पान्याचं भांडन मिटलं, आता विहिरीचं पाहा." तिच्या बोलण्याचा रोख मला पुष्कळ वर्षांनी कळला. स्वतंत्र देशात स्कॉटिश, इंग्रज, अमेरिकन भांडणं वारशाने चालवायची कशाला, हा विचार चर्चला स्वातंत्र्याच्या संस्कृतीने दिला. ही एकता झाली. साक्ष आणि सेवा कुठल्या विहिरीवर, कुणासोबत करायची, ते मात्र लोंबकळत राहिलं.

आणि मग इंग्रजी माध्यम आलं. ते आलं नाही, आम्ही आणलं. सेंट फ्रान्सिस डी सेल्सची शाळा नागपुरात 1870 पासून, बिशप कॉटन त्याहूनही आधीपासून. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गाला इंग्रजीची अशी ओढ लागली की प्रत्येक चर्चला आपली शाळा इंग्रजी हवीशी झाली. परदेशातून येणारा पैसा आटत होता. परदेशी देणग्यांचा कायदा 1976 मध्ये आला, 2010 आणि 2020 मध्ये आणखी कडक झाला. मिशन दवाखान्यांना डॉक्टर मिळेनात. त्या काळात संस्था जगवल्या त्या शाळेच्या फीने, हे मान्य केलं पाहिजे. पण फी देऊ शकणाऱ्यांच्या रांगेत दुष्काळातली पोर उभी राहू शकत नाही. ज्या शाळांनी एकेकाळी अस्पृश्य पोराला बाकावर बसवलं म्हणून बाकीच्यांनी आपली मुलं काढून घेतली, त्याच परंपरेतल्या शाळांबाहेर आज प्रवेशासाठी मोटारींची रांग लागते. समाजाने आम्हाला स्वीकारलं, म्हणून आम्ही खूश झालो. कुठल्या समाजाने, हे विचारलं नाही.

माझ्याकडे काम करणाऱ्या बाई उमरेड रोडच्या पलीकडच्या वस्तीत राहतात. मुलीसाठी आरटीईचा फॉर्म भरायला त्या माझ्याकडे आल्या होत्या. शाळांची यादी पाहून म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या लोकायची ती मोठी शाळा यात दिसत नाही जी." दिसणार नव्हतीच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात खाजगी शाळांनी पहिल्या वर्गात किमान 25 टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, असं आहे. 2014 मध्ये प्रमती खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळलं. घटनेच्या 30 व्या कलमाने दिलेला हक्क राखण्यासाठी हा निकाल आहे, आणि तो हक्क मला मोलाचा वाटतो. तरीही त्या बाईंना काय सांगावं, ते मला सुचेना. येशू लेकरांना अडवू नका म्हणाला, आणि आम्ही कोर्टाचा कागद दाखवला.

नव्या मंडळीबद्दलही सांगायला हवं, कारण सक्करदऱ्यात आता चर्च आलंय. एक नाही, बरीच. कुणाच्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, कुणाच्या भाड्याच्या हॉलमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर गाण्याचे शब्द, अर्पणासाठी भिंतीवर क्यूआर कोड. गाणी बहुतेक हिंदी. सदरला जायला बसभाडं आणि नीट कपडे लागतात. इथे घरच्या चपलांनी येता येतं. इथे मला रिक्षावाले भेटतात, मेडिकल कॉलेजात भरती असलेल्या रुग्णांचे नातेवाईक भेटतात, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून उपास करणाऱ्या बाया भेटतात. जुन्या मंडळीतले लोक नाक मुरडतात, आणि काही ठिकाणी नाक मुरडण्यासारखं असतंही. देव म्हणजे नोकरी, गाडी, व्हिसा देणारा, असं प्रवचन चालतं. हीही आधुनिक संस्कृतीच आहे, बाजाराची. पण सदरच्या कॅथेड्रलमध्ये मला आमची कामवाली बाई कधी दिसली नाही. इथे दिसली.

करोनात सगळ्यांचीच परीक्षा झाली. मार्च 2020 मध्ये चर्चची दारं लागली. नोव्हेंबरमध्ये उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा लागली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला सरकारने पुन्हा परवानगी दिली. उपासना मोबाइलवर आली. ब्याऐंशी वर्षांचे काकाजी कोट घालून पलंगावर फोनसमोर बसत. पास्टरसाहेबांनी घरीच प्रभुभोजन घ्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी मोठ्याने विचारलं, "उद्या फोनवरच बाप्तिस्मा देसान काय?" त्यांचा माइक चालू होता. सगळ्या मंडळीने ऐकलं. पण त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऑक्सिजनचं सिलिंडर कुठे मिळेल ते फिरत होतं, डबे कुणाला हवेत त्याची यादी बनत होती. ड्रम वाजवतात म्हणून ज्या पोरांना काकाजी नावं ठेवत, ती पोरं पीपीई किट घालून प्रेतं उतरवत होती. मेलेला कुठल्या मंडळीचा, कुठल्या धर्माचा, असं त्यांनी विचारलं नाही. काकाजी त्यानंतर ड्रमबद्दल बोलले नाहीत. कानात कापूस मात्र घालतात.

घरातल्या बायकांच्या वाट्यालाही बाहेरच्या संस्कृतीने काही चांगलं दिलं. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. कोर्टांनी ते चूक ठरवलं आणि 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. त्यासाठी वर्षानुवर्षं लढल्या त्या बायका, आणि त्यांच्या मागे महिला चळवळ. आमच्या घराण्यातली एक आत्या त्या कायद्यापायी आयुष्यभर माहेरी राहिली. तिला पाळकांनी सहनशीलतेवर पुष्कळ प्रवचनं दिली.

या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या की माझा निष्कर्ष सरळ आहे. संस्कृतीपासून अलिप्त असं चर्च नागपुरात कधीच नव्हतं. व्हिक्टोरियन विज्ञान, दुष्काळ, वारकऱ्यांचा टाळ, साम्राज्याची शपथ, आंबेडकरी प्रश्न, स्वातंत्र्य, इंग्रजीची हाव, मोबाइल, प्रत्येकाने त्याला वळण दिलं. यातलं काय घेतलं यापेक्षा ते घेऊन आम्ही कुणाकडे पाहिलं, हे महत्त्वाचं. टाळ आणि ड्रम दोन्ही ठीक. शपथ आणि फी यांनी मात्र दाराबाहेरचा माणूस दिसेनासा केला. आजच्या संस्कृतीतली मला वाटणारी खरी भीती गिटारची नाही. प्रतिष्ठेची आहे, जी आम्हाला इतक्या उशिरा मिळाली की ती गमावायची छाती होत नाही.

म्हणून आमच्या पास्टरेट कमिट्यांना आणि शाळांच्या संचालक मंडळांना, मग ती कॅथलिक असोत, सीएनआयची असोत की मेथडिस्ट, माझी एक मागणी आहे. कायद्याने सूट दिली म्हणून ती घेतलीच पाहिजे असं नाही. शाळेचा अल्पसंख्याक दर्जा आणि कारभाराचा हक्क जपा, आणि त्याच हक्काने ठराव करा की पहिल्या वर्गातल्या चौथा हिस्सा जागा आम्ही आपणहून, फी न घेता, शाळेच्या आसपासच्या वस्तीतल्या मुलांना देऊ. जात, धर्म, मंडळी न विचारता. सरकार पैसे परत करणार नाही, तेव्हा हा खर्च रविवारच्या अर्पणातून निघू द्या. तो ठराव पुढच्या सभेत मांडा, आणि झाला की शाळेच्या फाटकावर मराठीत लिहून लावा.